शेजारधर्मातून विश्वशांतीकडे

१९१५ सालच्या एप्रिल महिन्यात युरोपचे भवितव्य रणभूमीवर ठरत होते. २२ एप्रिल रोजी बेल्जियममधील ईप्र या गावाजवळ जर्मन सैन्याने शत्रूच्या खंदकांवर क्लोरीन वायूचे लोट सोडले. २५ एप्रिल रोजी तुर्कस्थानातील गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर दोस्त राष्ट्रांच्या फौजा उतरल्या आणि पहिल्याच दिवशी शेकडो जवान धारातीर्थी पडले. त्यानंतर तीनच दिवसांनी, २८ एप्रिल रोजी, तटस्थ हॉलंडमधील हेग या नगरीत बारा देशांतून आलेल्या अकराशेहून अधिक स्त्रिया एका सभागृहात जमल्या. त्यांत जर्मन होत्या, ऑस्ट्रियन व हंगेरियन होत्या, इंग्रज होत्या आणि जिचा देश जर्मनीच्या टाचेखाली भरडला जात होता त्या बेल्जियमच्याही काही होत्या. ज्यांचे भाऊ व पुत्र एकमेकांवर संगिनी रोखून उभे होते, त्या एका मंचावर बसून युद्ध थांबवण्याच्या उपायांची चर्चा करीत होत्या. या परिषदेचे अध्यक्षपद शिकागोच्या एका चोपन्न वर्षांच्या बाईंकडे होते. त्यांचे नाव जेन ॲडम्स.

युद्ध पुरुषांनी करावे, तह पुरुषांनीच करावा आणि स्त्रियांनी जखमा बांधाव्यात व अश्रू ढाळावेत, अशी श्रमविभागणी जगाने फार काळ गृहीत धरली होती. ती अमान्य करण्याचे धैर्य ज्यांनी प्रथम संघटितपणे दाखवले, त्यांत ॲडम्सबाईंचे स्थान अग्रगण्य आहे. परंतु केवळ धैर्यासाठी त्यांचे स्मरण करणे अपुरे ठरेल. शांतता ही त्यांच्या दृष्टीने भाबडी सदिच्छा नव्हती. ते एक कामकाज होते, त्याला कसब लागते, आणि ते कसब त्यांनी कोणत्याही परराष्ट्र खात्यात संपादन केलेले नव्हते. ते त्यांना शिकागोच्या एका गलिच्छ वस्तीत, शेजारधर्म पाळताना लाभले होते.

जेन ॲडम्स यांचा जन्म ६ सप्टेंबर १८६० रोजी इलिनॉय राज्यातील सीडरव्हिल या खेड्यात झाला. वडील सधन गिरणीमालक, राज्याच्या सिनेटचे सभासद आणि अब्राहम लिंकन यांचे स्नेही होते. जेन अवघ्या दोन वर्षांच्या असताना आई निवर्तली. पुढे पाठीच्या कण्याला क्षयाची बाधा होऊन शरीराला बाक आला, तो जन्मभर राहिला. लिंकन यांच्या हत्येची वार्ता आली तेव्हा वडिलांच्या डोळ्यांत पाणी पाहिल्याची आठवण त्यांनी आयुष्यभर जपली. वडिलांची सचोटी आणि लिंकन यांचा लोकशाहीवरील विश्वास या दोन गोष्टींच्या छायेत त्या वाढल्या. १८८१ साली रॉकफर्ड येथील शिक्षणक्रम त्यांनी पूर्ण केला आणि त्याच वर्षी वडिलांचे छत्र हरपले. वैद्यकीय शिक्षणासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या, पण प्रकृतीने साथ दिली नाही. पुढची काही वर्षे सुशिक्षित, संपन्न आणि निरुद्योगी तरुणीच्या वाट्याला येणाऱ्या अस्वस्थतेत गेली. युरोपचा प्रवास झाला, चित्रे पाहून झाली, भाषा शिकून झाल्या. हे शिक्षण नेमके कशासाठी, या प्रश्नाचे उत्तर मात्र सापडत नव्हते.

ते उत्तर १८८८ साली लंडनच्या पूर्व भागात, टॉयन्बी हॉल या संस्थेत मिळाले. विद्यापीठातून बाहेर पडलेले तरुण तेथे दरिद्री वस्तीतच बिऱ्हाड करून राहत होते. गरिबांकडे अधूनमधून दानधर्मासाठी जाणे आणि त्यांच्या शेजारी घर करून राहणे यांतील अंतर ॲडम्सबाईंना तेथे उमगले. मायदेशी परतल्यावर १८ सप्टेंबर १८८९ रोजी एलन गेट्स स्टार या मैत्रिणीसह त्या शिकागोच्या हॉल्स्टेड रस्त्यावरील एका जुन्या वाड्यात राहावयास गेल्या. मूळ मालकाच्या नावावरून तो वाडा हल हाऊस म्हणून ओळखला जात असे.

त्या वस्तीचे स्वरूप ध्यानात घेतल्याविना ॲडम्सबाईंचे पुढील कार्य उलगडत नाही. इटालियन, ग्रीक, जर्मन, आयरिश, बोहेमियन, पोलंड व रशियातून आलेले ज्यू असे नाना देशांचे लोक तेथे दाटीवाटीने राहत होते. मायभूमीत ज्यांची परस्परांशी पिढ्यान्‌पिढ्यांची वैरे होती, त्यांना येथे एकाच जिन्याने चढावे-उतरावे लागे व एकाच नळावर पाणी भरावे लागे. भाषा निराळ्या, देव निराळे, सणवार निराळे. तंट्याला निमित्त लागत नसे. तरीही आजारपणात एकीचे मूल दुसरी सांभाळी, बाळंतपणात शेजारीण धावून येई आणि घरातली भाकरी संपली की शेजारच्या दाराशी जाण्यात कोणाला कमीपणा वाटत नसे. राष्ट्राराष्ट्रांतील वैर अटळ आहे असे सांगणाऱ्या पंडितांना ॲडम्सबाईंचे उत्तर या अनुभवातून आलेले होते. १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शांतताविषयक ग्रंथाचा गाभा हाच होता. युद्धाच्या अभावालाच शांतता मानणे त्यांना पुरेसे वाटत नव्हते. निरनिराळ्या समाजांनी मिळून जीवनाचे पोषण करणे, हे त्यांच्या शांततेचे रूप होते.

हल हाऊसमध्ये बालकमंदिर निघाले, पाळणाघर निघाले, रात्रीचे वर्ग, वाचनालय, नाट्यगृह, कामकरी मुलींचे वसतिगृह अशा शाखा फुटत गेल्या. १९०७ पर्यंत एका वाड्याच्या तेरा इमारती झाल्या. मात्र या परोपकारावर समाधान मानून ॲडम्सबाई स्वस्थ बसल्या नाहीत. वस्तीतील बालके का दगावतात याचा त्यांनी शोध घेतला, तेव्हा रस्त्यावर कुजणाऱ्या कचऱ्याकडे बोट गेले. कचरा उचलण्याचे कंत्राट राजकीय वशिल्याने दिले जात असे. त्या कंत्राटासाठी त्यांनी स्वतःच निविदा भरली. ती तांत्रिक कारणावरून फेटाळली गेली, पण त्या गवगव्यामुळे १८९५ साली महापौरांनी त्यांना विभागाच्या कचरा-निरीक्षक म्हणून नेमले. भल्या पहाटे उठून गाड्यांच्या मागोमाग फिरणारी ही विदुषी पाहून वस्तीतील बाया प्रथम चकित झाल्या, मग मदतीला आल्या. एका गल्लीत तर कचऱ्याचे थर खरवडल्यावर दीड फुटाखाली फरसबंदी सापडली. हल हाऊसमध्ये राहणाऱ्या फ्लॉरेन्स केली यांच्या पाहणीमुळे व खटपटीमुळे १८९३ साली इलिनॉय राज्यात कारखान्यांविषयीचा कायदा झाला आणि चौदा वर्षांखालील मुलांना कारखान्यात राबवण्यास बंदी आली. ज्या असंतोषातून उद्याचा दंगा पेटणार, त्याचे मूळ आज शोधून ते निवारणे, ही कार्यपद्धती येथे सिद्ध झाली.

तिची कसोटी १८९४ साली लागली. शिकागोजवळ रेल्वेचे डबे बनवणाऱ्या पुलमन कंपनीने मंदीचे कारण दाखवून मजुरी कापली, परंतु कंपनीच्याच वसाहतीतील घरांचे भाडे मात्र पूर्वीचेच ठेवले. संप झाला, पाहता पाहता देशातील रेल्वेवाहतूक विस्कळित झाली. शहरातील नागरिकांच्या संस्थेने समेटासाठी जी समिती नेमली, तिच्यात ॲडम्सबाई होत्या. त्या कामगारांच्या घरी गेल्या, त्यांची बाजू समजावून घेतली आणि लवादाला त्यांची अनुकूलताही मिळवली. कंपनीने मात्र लवाद नेमावा असे काही घडलेच नाही, हा हेका सोडला नाही. अखेर सरकारी फौजा आल्या आणि रक्त सांडले. याच दिवसांत ॲडम्सबाईंची थोरली बहीण मृत्युशय्येवर होती. रेल्वे ठप्प असल्यामुळे तिच्या कुटुंबीयांना वेळेवर पोहोचता आले नाही. संपाचा असा वैयक्तिक घाव सोसूनही संपकऱ्यांविषयीची त्यांची न्यायबुद्धी ढळली नाही. पुलमन यांची तुलना त्यांनी शेक्सपिअरच्या लिअर राजाशी केली. उपकार करणारा जेव्हा ज्यांच्यावर उपकार करायचे त्यांचे म्हणणे ऐकून घेत नाही, तेव्हा त्याचे औदार्यच कलहाचे बीज ठरते, हा त्या निबंधाचा आशय. तो इतका झोंबणारा होता की १९१२ सालापर्यंत तो छापला गेला नाही.

१८९६ साली त्यांनी रशियात टॉलस्टॉय यांची भेट घेतली. त्या ऋषितुल्य लेखकाने त्यांच्या झग्याच्या फुगीर बाह्यांना हात लावून एवढ्या कापडात एका मुलीचा झगा होईल असा शेरा मारला आणि स्वतःच्या श्रमाची भाकरी खाण्याचा उपदेश केला. ॲडम्सबाई खजील झाल्या व रोज दोन तास हल हाऊसच्या भटारखान्यात पाव भाजण्याचा निश्चय करून परतल्या. परंतु दाराशी ताटकळणारी माणसे, न उघडलेली पत्रे आणि तातडीच्या अडचणी पाहिल्यावर, केवळ आपल्या मनाच्या शुद्धीसाठी त्यांना खोळंबून ठेवणे हा एक प्रकारचा अहंकारच ठरेल, असे त्यांच्या ध्यानात आले. गुरूविषयीचा आदर कायम ठेवून त्यांनी तो निश्चय सोडून दिला. वैयक्तिक पावित्र्यापेक्षा उपयुक्त कार्याला अधिक मोल देणारा हा विवेक त्यांच्या शांतताकार्यात पुढे पदोपदी दिसतो.

१९१४ साली युरोपात वणवा पेटला. १९१५ च्या जानेवारीत वॉशिंग्टन येथे अमेरिकेतील स्त्रियांचा शांतता पक्ष स्थापन झाला आणि ॲडम्सबाई त्याच्या अध्यक्षा झाल्या. तेवढ्यात हॉलंडमधून डॉ. आलेटा याकोब्स यांच्या पुढाकाराने परिषदेचे निमंत्रण आले. पाणबुड्यांनी व सुरुंगांनी भरलेल्या समुद्रातून चाळीसहून अधिक अमेरिकन स्त्रिया नूरडॅम या बोटीने निघाल्या. ब्रिटिश आरमाराने ती बोट इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ काही दिवस अडकवून ठेवली. इंग्लंडमधील शेकडावारी इच्छुक स्त्रियांना सरकारने वाटच मिळू दिली नाही, त्यामुळे त्या देशाच्या तिघीच परिषदेला हजर राहू शकल्या. फ्रान्समधून कोणी आले नाही. वृत्तपत्रांनी यथेच्छ टवाळी केली. ज्या थिओडोर रूझवेल्ट यांच्या उमेदवारीला १९१२ साली ॲडम्सबाईंनी जाहीर अनुमोदन दिले होते, त्यांनीच या उद्योगाला मूर्खपणाचा व हीन ठरवले.

टवाळी करणाऱ्यांनी परिषदेचे वीस ठराव वाचले असते तर बरे झाले असते. त्यांत हळव्या विनवण्या नव्हत्या. तटस्थ राष्ट्रांनी शस्त्रसंधीची वाट न पाहता अखंड मध्यस्थी चालू ठेवावी, कोणताही प्रदेश तेथील जनतेच्या संमतीवाचून दुसऱ्याच्या स्वाधीन करू नये, परराष्ट्रधोरण गुप्त करारांच्या हाती न ठेवता लोकांच्या नियंत्रणाखाली आणावे, शस्त्रनिर्मिती खासगी नफ्यासाठी चालू देऊ नये, राष्ट्रांमधील तंटे सोडवण्यासाठी कायम न्यायालय असावे, स्त्रियांना मताधिकार मिळावा आणि युद्धानंतरच्या तहाच्या बैठकीत त्यांचे प्रतिनिधी असावेत, असे ते ठराव होते. त्या सभागृहातील बहुसंख्य स्त्रियांना आपापल्या देशात मत देण्याचाही अधिकार नव्हता, हे विसरून चालणार नाही.

रोझिका श्विमर या हंगेरियन कार्यकर्तीच्या आग्रहाने आणखी एक साहस ठरले. हे ठराव टपालाने न धाडता शिष्टमंडळांनी ते स्वतः राज्यकर्त्यांच्या हाती द्यावेत असा निर्णय झाला. ॲडम्सबाई, डॉ. याकोब्स आणि डॉ. ॲलिस हॅमिल्टन लंडन, बर्लिन, व्हिएन्ना, बुडापेस्ट, रोम, पॅरिस अशा राजधान्यांतून फिरल्या. दुसरे शिष्टमंडळ स्कँडिनेव्हिया व रशियाकडे गेले. आश्चर्य हे की बहुतेक ठिकाणी त्यांचे म्हणणे गांभीर्याने ऐकले गेले. ऑस्ट्रियाच्या पंतप्रधानांनी तर, कित्येक महिन्यांत आपल्या दालनात उच्चारले गेलेले हे पहिलेच शहाणपणाचे बोल आहेत, अशा आशयाची कबुली दिली. प्रत्येक सरकार आपण स्वसंरक्षणासाठीच लढत आहोत असे सांगत होते. वाटाघाटींचा प्रस्ताव स्वतः मांडला तर तो दुबळेपणा ठरेल अशी प्रत्येकाला धास्ती होती, परंतु तटस्थांनी पुढाकार घेतल्यास त्याला वैरभावाने झिडकारण्याची भाषा फारसे कोणी केली नाही. चाळीतील भांडणात दोन्ही घरे दमलेली असतात, आधी दार कोणी उघडायचे एवढाच पेच उरतो. तो पेच ओळखणारी दृष्टी हॉल्स्टेड रस्त्यावर घडलेली होती.

दुर्दैवाने ज्यांच्या हाती ते दार उघडणे होते, त्या अध्यक्ष विल्सन यांनी ॲडम्सबाईंचे आदराने ऐकून घेतले, ठरावांची प्रशंसा केली, पण तटस्थांची परिषद बोलावली नाही. १९१८ च्या जानेवारीत त्यांनी आपली सुप्रसिद्ध चौदा कलमे जाहीर केली, तेव्हा त्यांतील काहींचे हेगच्या ठरावांशी साम्य लपण्यासारखे नव्हते. मधल्या काळात लक्षावधी माणसे मातीस मिळाली होती.

ॲडम्सबाईंना स्वतःलाही जबर किंमत मोजावी लागली. ९ जुलै १९१५ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये त्यांनी प्रवासाचा वृत्तान्त सांगितला. समोरच्या माणसाच्या देहात संगीन खुपसणे तरुण सैनिकांना इतके असह्य होते की चढाईपूर्वी त्यांना मद्य पाजावे लागते, असे अनेक देशांत आपल्या कानी आले, एवढाच तो उल्लेख होता. माणसाच्या मूळच्या दयाबुद्धीचा तो पुरावा, असे त्यांना सुचवायचे होते. वृत्तपत्रांनी त्याला वीरांच्या शौर्याचा अवमान ठरवले. कालपर्यंत देशातील सर्वाधिक आदरणीय स्त्री म्हणून गौरवलेली व्यक्ती एका रात्रीत उपहासाचा विषय झाली. १९१७ साली अमेरिका युद्धात उतरल्यावरही त्यांनी मत बदलले नाही. तेव्हा पुष्कळ जुने सहकारीही दुरावले. पुढे त्यांची नावनिशी संशयितांच्या याद्यांत आली, एका प्रतिष्ठित देशभक्त महिलासंस्थेने त्यांना काढून टाकले. एकाकीपणाच्या या काळात आपलीच बुद्धी तर चळली नाही ना, अशी शंकाही मनाला शिवून गेल्याचे त्यांनी नंतर प्रांजळपणे लिहिले. लोकमताविरुद्ध उभ्या राहिलेल्या माणसाची ही कबुली कोणत्याही वीरगाथेपेक्षा अधिक बोलकी आहे.

१९१९ साली पॅरिसमध्ये तहाच्या बैठका भरल्या, पण वाटाघाटी करणाऱ्यांत स्त्रियांना स्थान नव्हते. पराभूत देशांतील स्त्रियांना फ्रान्समध्ये प्रवेशही नव्हता, म्हणून हेगच्या भगिनींनी आपली दुसरी परिषद मे महिन्यात झुरिक येथे भरवली. नाकेबंदीमुळे उपासमार झालेल्या देशांतील प्रतिनिधींचे ओढलेले चेहरे पाहून जुन्या मैत्रिणींनाही ओळख पटेना. युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या आर्देन भागातून आलेल्या फ्रेंच प्रतिनिधीचे स्वागत जर्मन प्रतिनिधीने केले, तेव्हा सभागृह हेलावले. परंतु परिषद भावनेतच रमली नाही. व्हर्सायच्या तहाच्या अटी नुकत्याच हाती आल्या होत्या. विजेत्यांनी लादलेल्या या अटींमुळे मध्य युरोपात दारिद्र्य व द्वेष फोफावेल आणि पुढील युद्धांची बीजे पेरली जातील, असा निःसंदिग्ध इशारा त्या परिषदेने दिला. तहावर जाहीरपणे अशी टीका करणाऱ्या संघटनांत या स्त्रिया सर्वप्रथम होत्या. वीस वर्षे उलटताच युरोप पुन्हा रणात उतरला. दुसऱ्या महायुद्धाची कारणे अनेक होती, परंतु १९१९ चा तो इशारा पोकळ नव्हता, हे इतिहासाने दाखवून दिले.

झुरिकमध्येच शांतता व स्वातंत्र्य यांसाठी स्त्रियांचा आंतरराष्ट्रीय संघ या नावाने संघटनेला कायम रूप मिळाले आणि ॲडम्सबाई तिच्या अध्यक्षा झाल्या. त्याच उन्हाळ्यात क्वेकर पंथीयांसमवेत त्या जर्मनीतील भुकेलेल्या बालकांपर्यंत अन्न पोहोचवत हिंडल्या. कालच्या शत्रूच्या मुलाला दूध देणे हे उद्याचे युद्ध टाळण्याचेच काम आहे, हा त्यांचा सरळ हिशेब होता. १९२३ साली त्यांनी आशियाचा दौरा केला, त्यात त्या हिंदुस्थानातही आल्या. महात्मा गांधी त्या वेळी पुण्याच्या येरवडा तुरुंगात होते, त्यामुळे भेटीचा योग आला नाही. गांधीजींच्या मार्गाविषयीचे त्यांचे कुतूहल मात्र कायम राहिले. टॉलस्टॉय व गांधी यांच्यावर त्यांनी पुढे लेखनही केले.

१९३१ साली त्यांना निकोलस मरी बटलर यांच्यासमवेत शांततेचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. प्रकृतीमुळे त्या ऑस्लोला जाऊ शकल्या नाहीत. आपल्या वाट्याची रक्कम त्यांनी स्त्रियांच्या संघाला देऊन टाकली. २१ मे १९३५ रोजी शिकागोत त्यांचे देहावसान झाले. हल हाऊसच्या चौकात अंत्यदर्शनासाठी हजारोंची रीघ लागली, आणि त्यांत त्याच वस्तीतील नाना भाषा बोलणारे शेजारी होते.

ॲडम्सबाई युद्ध थांबवू शकल्या नाहीत, म्हणून त्यांचे कार्य फसले, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. परंतु त्यांचा सल्ला कोणी आचरणातच आणला नाही, तेव्हा अपयश सल्ला देणारीचे की न मानणाऱ्यांचे, हा प्रश्न उरतो. स्त्री ही स्वभावतःच शांतताप्रिय असते, हा युक्तिवाद येथे पुरेसा नाही. युद्धज्वराने झपाटलेल्या स्त्रिया ॲडम्सबाईंनी पुष्कळ पाहिल्या होत्या. त्यांचे म्हणणे अधिक व्यवहारी होते. भूक, रोगराई, मुलांचे संगोपन, शेजाऱ्यांतील तंटे यांच्याशी जिचा रोजचा संबंध येतो, तिच्याजवळ असे काही ज्ञान असते जे नकाशे व सैन्यबळाचे आकडे पुढ्यात घेऊन बसलेल्या मुत्सद्द्यांजवळ नसते. हे ज्ञान वगळून केलेला तह अपुरा राहतो.

तहाच्या बैठकीत स्त्रियांना स्थान असावे असा ठराव हेगमध्ये १९१५ साली झाला. संघर्ष टाळण्याच्या व मिटवण्याच्या निर्णयांत स्त्रियांचा सहभाग वाढवावा, हा ठराव क्रमांक १३२५ संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने संमत केला तो ३१ ऑक्टोबर २००० रोजी. त्यासाठी झटणाऱ्यांत ॲडम्सबाईंनी उभारलेला संघही होता. एका साध्या न्याय्य मागणीला हेगपासून तेथवर पोहोचायला पंचाऐंशी वर्षे लागली. आता प्रश्न कागदावरील शब्दांचा राहिलेला नाही. तंटा गावचा असो वा राष्ट्रांचा, तो मिटवायला बसणाऱ्यांच्या रांगेत त्याची झळ सोसणारी स्त्री आरंभापासून असते की राखरांगोळी झाल्यावर सांत्वनापुरती बोलावली जाते, यावर त्या ठरावाचे मोल ठरणार आहे. हॉल्स्टेड रस्त्यावरील त्या वाड्याचे दार भांडण पेटण्याआधीच शेजाऱ्यांसाठी उघडे असे. जेन ॲडम्स यांच्या चरित्राने मागे ठेवलेला धडा तेवढाच आहे, आणि तो अद्याप गिरवायचा राहिला आहे.